मुशैरिबच्या भिंतीवरची ब्यूपो

राग मला पटकन येतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. नवरा, गुरुप्रसाद, रास लफानच्या गॅस प्लांटवरून निघताना लेकीला मेसेज टाकतो, "वातावरण कसं आहे?" आणि ओवी त्याला इंग्रजीत हवामान कळवते. पण तो राग वेगळा, येतो आणि जातो. हा राग मात्र दोन वर्षं झाली तरी उतरलेला नाही. त्यातला निम्मा माझ्यावरच आहे, म्हणून सगळं नीट सांगते.

मी नयना, मूळची नाशिकची. दोहात चौदा वर्षं झाली, त्यातली नऊ मी फोटोच काढते आहे. मंडळाचा गणपती, बारशी, कंपन्यांच्या वेबसाइटसाठी टाय आवळून बसलेले साहेब. वर्ल्ड कपच्या वर्षी, ऑगस्टमध्ये, मला अमेयचा फोन आला. अमेय पुण्याचा, तिशीतला, एका इव्हेंट कंपनीत दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेला. मला ताई म्हणतो, आणि त्याला प्रत्येक काम कालच झालेलं हवं असतं.

"नयनाताई, एकदम मोठं काम आहे. मुशैरिबमध्ये एक बिल्डिंग अजून उघडायची आहे, तिच्या पूर्ण भिंतीवर पोर्ट्रेट्स लावायचेत. सहा-सहा मीटर उंच. जगभरातले लोक, आपापल्या ट्रॅडिशनल ड्रेसमध्ये. तुमच्याकडे थायलंड."

"थायलंड कुठे खेळतंय वर्ल्ड कपमध्ये?"

"खेळत नाही हो. पण कलरफुल आहे ना! आणि थोडे हिल ट्राइब पण हवेत. क्लाएंटला ते फार आवडतं."

तिथेच मी फोन ठेवायला हवा होता. पण सहा मीटर! तोवरच्या सात वर्षांत माझा सगळ्यात मोठा फोटो एका दातांच्या दवाखान्याच्या दारावर लागला होता, तोही दातांचाच. मी हो म्हणून टाकलं आणि कॉन्ट्रॅक्टवर न वाचता सही केली.

सप्टेंबरात शूट झालं, वेस्ट बेमधल्या एका हॉटेलच्या स्पामध्ये. तिथे मालिश करणाऱ्या सहा थाई बायका होत्या. त्यांची सुपरवायझर हजरा, हैदराबादची, स्वभावाने बरी पण सारखी घड्याळाकडे बघणारी. एक ते चार एवढा वेळ तिने दिला होता. अमेयच्या कंपनीने कपड्यांची पेटी भाड्याने मागवली होती. मी मागे काळा पडदा लावला, दिवे लावले आणि सुरुवात केली.

पाच जणींचं झरझर झालं. रेशमी नेसण, कमरेला सोनेरी पट्टा, एका खांद्यावरून शेला. एकमेकींचे केस सारखे करत होत्या, खिदळत होत्या. एक जण म्हणाली, "मॅडम, मी हे आयुष्यात पहिल्यांदा घालतेय. आमच्याकडे आम्ही जीन्स घालतो." मी हसले आणि बटण दाबलं. खरं म्हणजे तेव्हाही थांबून विचार करायला हरकत नव्हती.

सहावी होती ब्यूपो. तिशीची, बारीक चणीची, मनगटं मात्र मालिश करून करून भरलेली. थायलंडच्या उत्तरेला डोंगरात करेन लोकांची गावं आहेत, त्यातल्या एकातली. हिने पेटीकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने स्वतःची पिशवी आणली होती. तिच्यात घडी घालून, इस्त्री करून ठेवलेला निळा-काळा ब्लाउज होता, त्यावर बारीक पांढऱ्या बियांची नक्षी टाकलेली, आणि खाली नेसायचं लाल विणलेलं वस्त्र. बिया तिने एकेक करून स्वतः शिवल्या होत्या. विणलंही तिनेच होतं.

"सुंदर आहे," मी म्हटलं, आणि ते खरंच सुंदर होतं. पण ब्लाउज काळपट, माझा पडदा काळा. लेन्समधून पाहिलं तर नुसतं डोकं आणि हात तरंगताना दिसत होते. पडदा बदलायचा तर दिवे हलवायला हवेत, अर्धा तास गेला असता. मी पेटीत हात घातला. "हिल ट्राइब" लिहिलेल्या पुडक्यात एक लांब पांढरा झगा होता, घोट्यापर्यंत येणारा, छातीवर गुलाबी पट्टे, खाली गोंडे. तो पडद्यासमोर धरला आणि माझं ठरलंच.

ब्यूपोने मान हलवली. "व्हाइट, नो मॅडम." मग स्वतःच्या पिशवीकडे बोट दाखवलं. मी पुन्हा झगा पुढे केला. तेव्हा ती अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "आय हॅव हजबंड."

आणि मला वाटलं, मला सगळं कळलं! नवरा आहे म्हणून पांढरं नको. अगं बाई, म्हणजे यांच्यातही तेच! लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी एका मुंजीला पांढरीशुभ्र साडी नेसून गेले होते, तर सासूबाईंनी मला भर हॉलमधून घरी परत पाठवलं होतं. सवाष्णीने पांढरं नेसायचं नाही. कुठे नाशिक, कुठे ते थायलंडचे डोंगर, पण बायकांची दुखणी सगळीकडे सारखीच, असं काहीतरी थोर माझ्या मनात आलं. मला भरूनही आलं. हे आठवलं की आज मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

"हजरा, इनको बोलो मैं समझ गई," मी म्हटलं. पेटीतून लाल मण्यांच्या चार-पाच माळा काढल्या, एक लाल ओढणी काढली, आणि ती झग्यावर ठेवून दाखवली. "सी, नाऊ रेड! नॉट ओन्ली व्हाइट. हजबंड सेफ. ओके?" वर तिच्या खांद्यावर थोपटलं.

ब्यूपोने हजराकडे पाहिलं. हजराने घड्याळाकडे पाहिलं. "दीदी, चार बजे क्लाएंट है, जल्दी कर लीजिए." मग ती ब्यूपोला म्हणाली, "यल्ला, यल्ला."

ब्यूपो पडद्याआड गेली आणि पांढरा झगा घालून बाहेर आली. मी पंधरा मिनिटांत साठ फोटो काढले. ती हसली नाही. नजर सरळ कॅमेऱ्यात, हनुवटी किंचित वर, डोळ्यांत असं काही होतं की मी स्क्रीनवर बघून "वा!" म्हणाले. त्याला मी तेव्हा डिग्निटी म्हटलं. अमेयलाही तसंच लिहून पाठवलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात भिंत झळकली. बाकीच्या पाच जणी कोपऱ्यात लहान-लहान चौकोनांत गेल्या, आणि मधोमध, ठरलेल्या सहा मीटरच्या दुप्पट, चार मजले उंच, ब्यूपो. खाली इंग्रजीत आणि अरबीत मथळा, त्याचा अर्थ 'डोंगरी जमातीची कुमारिका, थायलंड'. त्याखाली माझं नाव. गुरुप्रसादने तिथे उभं करून माझा फोटो काढला. मंडळाच्या ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. मथळ्यातला 'कुमारिका' शब्द मी वाचला होता. हे असले लोक काहीही लिहितात, म्हटलं आणि सोडून दिलं.

दोन-अडीच आठवड्यांनी मी फोटोची एक प्रत फ्रेम करून स्पामध्ये घेऊन गेले. ब्यूपो टॉवेलांच्या घड्या घालत होती. मी फ्रेम पुढे केली. तिने ती घेतली नाही. तिने हातातला टॉवेल नीट घडी करून ठेवला, मग दुसरा घेतला.

"लाइक नहीं किया?" मी हजराला विचारलं.

हजरा म्हणाली, "दीदी, इसके घर में बहुत प्रॉब्लेम हो गया."

मग ब्यूपोनेच सांगितलं. तिचं इंग्रजी स्पापुरतं, पण जे सांगायचं होतं त्याला तेवढं पुरलं. पांढरा झगा मुलींचा. लग्न न झालेल्या मुलींचा. लग्नाच्या दिवशी तो उतरवायचा आणि ब्लाउज आणि लाल वस्त्र, असे दोन कपडे घालायचे. त्यानंतर बाईने पांढरा झगा पुन्हा घालायचा नाही, कधीच नाही. "वन टाइम टेक ऑफ, फिनिश," ती म्हणाली. लुसैलच्या एका हॉटेलात भांडी घासणारा तिच्या खोऱ्यातला एक माणूस भिंतीसमोरून गेला, त्याने फोटो काढला आणि गावच्या फेसबुकवर टाकला. सासूने तो पाहिला, सगळ्या गावाने पाहिला. तिकडे जाऊन ही पुन्हा मुलगी झाली, नवरा नाही म्हणून सांगते, असं झालं. अकरा दिवस नवरा फोन उचलत नव्हता. दोन मुलं सासूपाशी, सात आणि चार वर्षांची. सासू मुलांना फोनजवळ येऊ देत नव्हती.

"मला तेव्हा सांगायचं ना!" मी म्हटलं. आवाज चढलाच. सवय.

ब्यूपोने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. भिंतीवरचीच नजर. "आय से," ती म्हणाली. "आय से नो. आय से, आय हॅव हजबंड."

मी फ्रेम काखेत मारली आणि गाडीत येऊन बसले. तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती आग कोणावर काढायची ते कळत नव्हतं. मग मी अमेयच्या ऑफिसला गेले, तेही लुसैललाच.

अमेयने सगळं ऐकलं. चेहराही योग्य तेवढा पाडला. मग म्हणाला, "ताई, पण आता भिंत अप्रूव्ह झालीये. वरपर्यंत गेलंय. पुढच्या महिन्यात पाहुणे येणार. मिडल पॅनेल काढलं तर खड्डा दिसेल."

"मग दुसरा फोटो लावा. मी फुकट काढून देते. तिच्या स्वतःच्या कपड्यांत."

"ताई, ऑनेस्टली, हा तुमचा बेस्ट फोटो आहे. आणि कोणाला कळणार आहे? इथे कुणाला माहितीये पांढरं काय नि लाल काय?"

"तिच्या नवऱ्याला माहितीये!"

"तिचा नवरा आपला टार्गेट ऑडियन्स नाहीये ना."

मी टेबलावर हात आपटला. त्याच्या कॉफीचा कप उडाला. "अरे, लाज वाटत नाही? उद्या तुझ्या बायकोचा, अंतराचा, मंगळसूत्र काढलेला फोटो चार मजली लावला, खाली कुमारिका लिहिलं, तर चालेल तुला?"

अमेय टिश्यूने टेबल पुसत म्हणाला, "ताई, अंतरा मंगळसूत्र घालतच नाही. पुण्याला लॉकरमध्ये आहे ते." आणि त्याने सहज माझ्या गळ्याकडे पाहिलं. माझ्याही गळ्यात नव्हतं. कॅमेऱ्याच्या पट्ट्यात अडकतं म्हणून मी ते कैक वर्षांपूर्वीच काढून ठेवलंय.

तोंडावर पडले, पण त्यामुळे एक गोष्ट साफ दिसली. प्रश्न मंगळसूत्राचा नव्हता, पांढऱ्याचा नव्हता, लालचाही नव्हता. माझं मंगळसूत्र मी माझ्या हाताने काढलं होतं, मला कोणी घड्याळ दाखवून काढायला लावलं नव्हतं. ती बाई नाही म्हणाली होती. कारणही सांगितलं होतं. आणि मी तिच्या कारणाच्या जागी माझं कारण घालून मोकळी झाले होते, वर माळा घालून तिला थोपटलंही होतं.

अमेयने तोडगे सुचवले. झग्याचा रंग कॉम्प्युटरवर लाल करू. मथळ्यात कुमारिका काढून महिला टाकू. मी म्हटलं, लांब झगा तो लांब झगाच राहणार, रंग बदलून तो दोन कपडे कसा होईल? शेवटी म्हटलं, "फोटो काढणार नसाल तर माझं नाव तरी काढा." तो एकदम खूश झाला. "ते होऊन जाईल, ताई! इन्शाल्ला आजच." आणि झालं. संध्याकाळपर्यंत माझ्या नावावर पांढरी पट्टी चिकटवलेली होती. जे काढायला वरपर्यंत कोणालाच विचारावं लागलं नाही, असं त्या भिंतीवर एवढंच होतं.

कॉन्ट्रॅक्ट काढून वाचलं. फोटोवर माझा काडीचा हक्क नव्हता, ब्यूपोचा तर नव्हताच. तिची सही इंग्रजी कागदावर हजरानेच घेतली होती. गुरुप्रसाद म्हणाला, जास्त ताणू नकोस, आपण इथे व्हिसावर आहोत, आणि तीही आहे. तो बरोबर बोलत होता. त्यामुळे मी त्याच्यावर आणखीच उखडले.

दोन दिवसांनी मी पुन्हा स्पामध्ये गेले. कॅमेरा नेला होता. राखाडी पडदा नेला होता, ज्यावर तो निळा-काळा ब्लाउज नीट उठून दिसला असता. ब्यूपोला म्हटलं, तुझे कपडे घाल, मी नवा फोटो काढते, तुझ्या नवऱ्याला पाठव, गावाला पाठव.

"नो फोटो," ती म्हणाली. "यू टॉक."

मला आधी समजलंच नाही. तिने फोन काढून दाखवला. सासूने निरोप धाडला होता. सून काय सांगते ते तिला ऐकायचं नव्हतं. सून काहीही सांगेल. ज्या बाईने फोटो काढला, तिने सांगावं. आणि मधे अर्थ सांगायला सून नको, गावच्या शाळेतल्या मास्तरीणबाई बसतील, त्यांना इंग्रजी येतं. मंगळवारी, ब्यूपोच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी अकराला. बोलायचं भिंतीसमोर उभं राहून, म्हणजे हीच ती बाई आणि हाच तो फोटो, हे सगळ्यांना दिसेल.

माफी मागणं मला जमत नाही. वीस वर्षांच्या संसारात मी किती वेळा चुकले असेन आणि किती वेळा ते कबूल केलं, हे गुरुप्रसाद एका हाताच्या बोटांवर सांगेल. सोमवारी रात्रभर मी मनात इंग्रजी वाक्यं जुळवत राहिले. आमच्याकडे विधवा पांढरं नेसतात, त्यामुळे माझा गैरसमज झाला. हेतू वाईट नव्हता. दोन संस्कृतींमधला फरक. सगळं कसं पटण्यासारखं बसवलं होतं.

मंगळवारी आम्ही दोघी भिंतीसमोर उभ्या राहिलो. ब्यूपो तिच्या निळ्या-काळ्या ब्लाउजमध्ये आणि लाल वस्त्रात आली होती, मेट्रोने, तशीच. वर चार मजले पांढऱ्यातली ती, खाली माझ्या खांद्याएवढी ही. दोन पर्यटक वरच्या ब्यूपोसमोर सेल्फी घेत होते. खालच्या ब्यूपोला त्यांनी हातानेच बाजूला व्हायची खूण केली. मी त्यांच्यावर मराठीत अशी काही ओरडले की ते निघूनच गेले.

फोन लागला. लाकडी घराचा ओटा, त्यावर पंधरा-वीस माणसं. मधे सासू बसलेली, सुकलेली, ताठ, डोक्याला फडकं गुंडाळलेलं. शेजारी चष्मा लावलेल्या मास्तरीणबाई. मागे खांबाला टेकून एक माणूस, खाली बघत. तो नवरा, हे ब्यूपोच्या श्वासावरून कळलं. मुलं कुठे दिसत नव्हती.

मी सुरुवात केली. "आमच्याकडे, इंडियात, पांढरा रंग..." मास्तरीणबाईंनी ऐकलं, सासूकडे वळून दोन शब्द बोलल्या. सासू काहीतरी तुटकपणे म्हणाली.

"आजी म्हणतात, हे फार लांब आहे," मास्तरीणबाई इंग्रजीत म्हणाल्या. "त्या एवढंच विचारतात. हिने नाही म्हटलं होतं का?"

"हो, पण मला वाटलं की..."

"नाही म्हटलं होतं?"

"हो."

मास्तरीणबाईंनी ते सांगितलं. ओट्यावर कुजबुज झाली. सासूने हात वर केला, ती थांबली. मग फोन हलला. तिने तो स्वतःच्या हातात घेतला होता आणि लोकांकडे वळवला होता.

"आजी म्हणतात, पुन्हा सांगा. मोठ्याने. मागच्यांना ऐकू आलं नाही."

मुशैरिबच्या त्या चकचकीत रस्त्यावर, ऑफिसांतली माणसं बाजूने ये-जा करत असताना, मी मोठ्याने सांगितलं. ती नाही म्हणाली. नवरा आहे, असंही म्हणाली. मी घालायला लावला. मास्तरीणबाईंनी प्रत्येक वाक्याचा अर्थ सांगितला. खांबाजवळचा माणूस मान वर करून बघत होता. तो पुढे आला, फोनवर वाकला आणि ब्यूपोशी काहीतरी बोलला. ब्यूपोने तोंडावर हात धरला आणि मान हलवत राहिली. मग कुठूनतरी दोन लहान डोकी त्याच्या हाताखालून स्क्रीनमध्ये घुसली आणि एकदम बोलायला लागली.

मी फोन तिच्या हातात दिला आणि बाजूला झाले. झालं, सुटले, असं वाटलं. डोळे पुसत होते तोच ब्यूपोने फोन पुन्हा माझ्यापुढे धरला. मुलांना मागे सारून सासू स्क्रीनवर आली होती. रागावलेली दिसत नव्हती. खरोखरच काहीतरी जाणून घ्यायचं असावं, तसं बघत होती. ती बोलली, आणि मास्तरीणबाई म्हणाल्या,

"आजी विचारतात, तुम्हाला ऐकू तर आलं होतं. मग का घालायला लावलात?"

पडदा काळा होता, वेळ कमी होता, सहा मीटर, आमच्याकडची विधवा. सगळं ओठांवर आलं. त्यातलं एकही त्या बाईच्या तोंडावर सांगता येईना.

"उत्तर नाही माझ्याकडे," मी म्हटलं.

मास्तरीणबाईंनी तेही सांगितलं. म्हातारीने मान डोलावली आणि फोन नातवंडांच्या हातात दिला.